प्रोग्रॅम बंद झाला, पण काम थांबले काय?



वसंतातल्या व्याख्यानांत इतिहास, साहित्य आणि समाजकारण यांचा मान पहिला. त्यांच्या पंगतीत संगणकाच्या एका बारीकशा दुखण्याला पाट कशासाठी मांडावा, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर एवढेच की, हे दुखणे आता तज्ज्ञांच्या खोलीपुरते उरलेले नाही. जळगावच्या सराफ बाजारातील पेढी, धुळ्यातील वकिलाची कचेरी, तालुक्याच्या गावचे सेवा केंद्र आणि घरातील मुलांच्या अभ्यासाचे टेबल, या सर्व ठिकाणी संगणक आहे; आणि जेथे संगणक आहे तेथे हे दुखणे कधी ना कधी डोके वर काढतेच.

दुखणे असे. आपण एखादा प्रोग्रॅम बंद करतो. पडद्यावरून तो नाहीसा होतो. परंतु त्याचे काही काम पडद्यामागे चालूच राहते. मग तोच प्रोग्रॅम पुन्हा उघडू गेले तर उघडत नाही. ‘ही फाइल दुसरीकडे वापरात आहे’ असे यंत्र सांगते. काही काम नसता पंखा घोंघावत राहतो. अशा वेळी आपण यंत्राचे बटण दाबून धरतो आणि ते विझवितो. काम भागते, पण कित्येकदा लिहिलेला हिशेबही त्याबरोबर जातो. म्हणून असे मागे राहिलेले काम ओळखावे कसे, काढावे कसे आणि मुळात ते राहू नये म्हणून काय करावे, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रारंभी आपल्या परिचयाचा एक दाखला घेऊ. जळगाव किंवा भुसावळ स्टेशनावर गाडी निघून जाताना शेवटच्या डब्याच्या पाठीकडे पाहावे. तेथे दिवसा ‘एल.व्ही.’ अशी अक्षरे असलेली पाटी आणि रात्री तांबडा दिवा असतो. ‘लास्ट व्हेइकल’, म्हणजे शेवटचे वाहन, अशी ती खूण आहे. इंजिन पुढे गेले म्हणजे गाडी गेली, असे रेल्वे मानीत नाही. ही शेवटची खूण पाहिली म्हणजे मगच गाडी पुरती गेली असे ठरते. वाटेत एखादा डबा सुटून रुळावर राहिला असेल आणि त्याच रुळावर दुसरी गाडी सोडली, तर काय अनर्थ होईल हे सांगावयास नको. आता आस मोजणारी यंत्रेही हे काम करतात. परंतु तत्त्व तेच आहे. संगणकाच्या पडद्यावरची खिडकी हे आपल्या गाडीचे इंजिन. खिडकी मिटली की गाडी गेली असे आपण समजतो, आणि शेवटची पाटी पाहावयाची राहून जाते.

आता प्रोग्रॅम आणि प्रक्रिया यांतला भेद पाहू. भरीत कसे करावे हे कागदावर लिहून ठेवले, तर तो झाला प्रोग्रॅम. चुलीवर वांगी भाजली जात आहेत, मिरच्या कुटल्या जात आहेत, ही झाली प्रक्रिया. इंग्रजीत तिला ‘प्रोसेस’ म्हणतात. कागद एकच असला तरी दहा घरी दहा भरिते एकाच वेळी होऊ शकतात. आणि कागद घडी करून ठेवला म्हणून चूल विझत नाही. संगणकातही एकाच प्रोग्रॅमच्या अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालू असू शकतात. प्रत्येकीला स्मरणातील जागा, उघडलेल्या फाइली आणि ओळखीचा एक क्रमांक मिळतो. हा सारा कारभार जो पाहतो त्याला ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतात. आपण त्याला कारभारी म्हणू.

एक प्रक्रिया दुसरीला जन्म देऊ शकते. पहिलीला जनक म्हणावे, दुसरीला अपत्य. ही व्यवस्था ज्या घराण्यातून आज सर्वत्र पसरली ते घराणे ‘युनिक्स’चे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी त्याचा पाया घातला. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेले ‘लिनक्स’ त्याच वळणाचे आहे, आणि आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सच आहे. या घराण्यात जन्माची रीत अशी: जनक ‘फोर्क’ म्हणतो आणि त्याची एक प्रतिकृती उभी राहते, ती प्रतिकृती ‘एक्झेक’ म्हणून आपल्या जागी निराळा प्रोग्रॅम चालविते, आणि जनक ‘वेट’ म्हणून अपत्याचे काम संपण्याची वाट पाहतो. काम संपविताना अपत्य एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे सर्व ठीक. दुसरा आकडा म्हणजे काही बिघडले. जनकाने तो आकडा वाचला, की कारभारी आपल्या वहीतून त्या अपत्याचे नाव खोडतो. विंडोजमध्ये प्रतिकृती न काढता नवी प्रक्रिया सरळच उभी केली जाते. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे: जनक संपला म्हणून अपत्ये आपोआप संपत नाहीत. आपल्या दुखण्याचे मूळ येथे आहे.

मागे राहिलेल्या प्रक्रिया सगळ्या एका जातीच्या नसतात. चार जाती वेगळ्या ओळखल्या, तर निम्मे काम झाले असे समजावे.

पहिली जात मुळी उरलेल्यांची नव्हेच, ती पहारेकऱ्यांची. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धतीची जुनी बागायत आहे. बंधारा, पाट, आणि त्याखाली भिजणारे फड. तेथे पाणी देणारा पाटकरी असतो आणि पिकांवर नजर ठेवणारा जागल्या असतो. मालक घरी झोपला तरी जागल्या शेतात असतो. त्याला कोणी ‘हा अजून का गेला नाही?’ असे विचारीत नाही. संगणकातही घड्याळ लावणारे, छपाईची रांग सांभाळणारे, जाळ्यावरचा निरोप घेणारे असे जागले असतात. युनिक्सच्या भाषेत त्यांना ‘डीमन’ म्हणतात. हे नाव १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत पडले. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने रेणूंची निवड करणारा एक काल्पनिक जीव वर्णिला होता; त्यावरून ते घेतले. विंडोजमध्ये त्यांना ‘सर्व्हिस’ म्हणतात. अनोळखी नाव दिसले की काढून टाक, असे करणारा मनुष्य पुष्कळदा जागल्यालाच हाकलून देतो.

दुसरी जात अनाथांची. जनक मध्येच कोसळला आणि अपत्य काम करीत राहिले, तर ते अनाथ. युनिक्सच्या घराण्यात अनाथाला वाऱ्यावर सोडीत नाहीत. क्रमांक एकची प्रक्रिया त्याला दत्तक घेते आणि त्याच्या अंती त्याची नोंदही मिटविते. काही वेळा हे काम नेमून दिलेली दुसरी एखादी वडीलधारी प्रक्रिया करते. विंडोजमध्ये दत्तकाची रीत नाही. अपत्याच्या नोंदीत मेलेल्या जनकाचा क्रमांक तसाच राहतो.

तिसरी जात ‘झॉम्बी’. नाव भयंकर आहे, वस्तू निरुपद्रवी. जिनिंग कारखान्यातला मजूर पाळी संपवून घरी गेला, पण मुकादमाने हजेरीपटावर त्याचा हिशेब केला नाही; मजूर नाही, नाव आहे. झॉम्बी म्हणजे एवढेच. प्रक्रिया संपली आहे, तिची स्मरणातील जागा सुटली आहे, फाइली मिटल्या आहेत. फक्त जनकाने तिचा शेवटचा आकडा वाचलेला नाही, म्हणून वहीत ओळ उरली आहे. यादीत तिच्यापुढे ‘झेड’ अक्षर किंवा ‘डिफंक्ट’ हा शब्द दिसतो. अशा एक-दोन ओळींनी काही बिघडत नाही. पण जनक हिशेब कधीच घेत नसेल, तर ओळी साठत जातात. वहीतील क्रमांकांना मर्यादा असते. लिनक्सची जुनी मर्यादा ३२,७६८ होती, आणि आता ती वाढवून ४१,९४,३०४ पर्यंत नेता येते. वही भरली की नव्या प्रक्रियेला जन्म घेता येत नाही.

चौथी जात सर्वांत अधिक आढळते: जी संपलीच नाही ती. खिडकी मिटली, पण प्रोग्रॅम स्वतः आत कशाची तरी वाट पाहत बसला आहे. छापखान्याच्या यंत्राचे उत्तर यावयाचे आहे, दूरच्या यंत्राकडून निरोप यावयाचा आहे, अथवा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने त्याला हाताशी धरून ठेवले आहे. काही प्रोग्रॅम तर खिडकी मिटल्यावर घड्याळाजवळच्या लहान चित्रात जाऊन बसतात. तो बिघाड नव्हे, तशी त्यांची रचनाच असते.

आता उपचाराकडे वळू. समजा, यावल तालुक्यातील एका सेवा केंद्रावर केळीच्या फळपीक विम्याचे अर्ज भरले जात आहेत. शेवटचा दिवस आहे आणि रांग दारापर्यंत गेली आहे. सातबाराचा उतारा स्कॅन करावयाचा तोच यंत्र म्हणते, ‘स्कॅनर दुसऱ्याच्या वापरात आहे.’ स्कॅनरचा प्रोग्रॅम तर चालकाने मघाच बंद केला होता. मग वापरतो कोण? अशा वेळी बटण दाबून यंत्र विझविण्याचा मोह होतो. तसे केले तर अर्धवट भरलेला अर्ज जातो, यंत्र पुन्हा उठेपर्यंत वेळ जातो, आणि कारण न कळल्यामुळे तासाभराने तेच पुन्हा घडते. रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा वर्षाचा विमा या दहा मिनिटांवर अवलंबून असू शकतो. म्हणून क्रमाने जावे.

पहिली पायरी, पाहणे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो आणि चालू प्रक्रियांची यादी दिसते. लिनक्सवर ‘पीएस’, ‘टॉप’ आणि ‘पीएसट्री’ या आज्ञा आहेत. यादीत चार गोष्टी वाचाव्यात: नाव कोणते, केव्हापासून चालू, किती श्रम घेते, आणि जनक कोण. जनक पाहण्यासाठी लिनक्सवर ‘पीएसट्री’ वंशवृक्षच काढून देते; विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टकडूनच विनामूल्य मिळणारा ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ तेच काम करतो. त्याच्या वृक्षात ज्यांचा जनक उरलेला नाही अशा प्रक्रिया डाव्या कडेला एकट्या दिसतात. प्रोग्रॅम उघडण्यापूर्वीची, चालू असतानाची आणि बंद केल्यानंतरची, अशा तीन याद्या ताडून पाहण्याची सवय ठेवली, तर उरलेला पाहुणा कोणता हे सहसा लपत नाही. आमच्या सेवा केंद्राच्या दाखल्यात खिडकीचा प्रोग्रॅम गेलेला दिसेल. स्कॅनरशी बोलणारा त्याचा मदतनीस मात्र यादीत असेल.

दुसरी पायरी, त्याच्या हातात काय आहे ते पाहणे. मागे राहिलेली प्रक्रिया त्रास देते ती बहुधा काही धरून ठेवल्यामुळे: फाइल, स्कॅनर, किंवा जाळ्यावरचा ‘पोर्ट’, म्हणजे निरोप घेण्याची खिडकी. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना ‘पोर्ट आधीच वापरात आहे’ असा निरोप येतो, त्याचे कारण बहुतेक वेळा त्यांचाच मागचा प्रोग्रॅम मागे जिवंत असतो. लिनक्सवर ‘एलएसओएफ’ ही आज्ञा कोणती फाइल किंवा कोणता पोर्ट कोणी धरला आहे ते सांगते. विंडोजमध्ये प्रोसेस एक्सप्लोररला फाइलचे नाव दिले, तर धरणारा सापडतो. नुसत्या संशयावर कोणाला काढू नये. ताबा कोणाकडे आहे हे पाहून काढावे.

तिसरी पायरी, विनंती. युनिक्सच्या घराण्यात प्रक्रियेला खुणा पाठविता येतात. त्या पाठविण्याच्या आज्ञेचे नाव ‘किल’ असे उग्र असले, तरी तिची पहिली खूण सौम्य आहे. ती पंधरा क्रमांकाची ‘टर्म’. तिचा अर्थ, ‘आवरा आणि निघा.’ ती मिळाली म्हणजे शहाणा प्रोग्रॅम लिहावयाचे ते लिहितो, फाइली मिटतो, आपल्या अपत्यांनाही कळवितो आणि जातो. विंडोजमध्ये प्रथम त्या प्रोग्रॅमच्याच यादीतून, किंवा घड्याळाजवळच्या त्याच्या चित्रावरून, बाहेर पडण्याची आज्ञा द्यावी. ‘टास्ककिल’ ही आज्ञा साधी दिली तर तीही विनंतीच असते. विनंती केल्यावर थोडा वेळ द्यावा. कोणाला दहा सेकंद लागतील, मोठ्या हिशेबाच्या प्रोग्रॅमला मिनिटही लागेल.

चौथी पायरी, बळ. विनंती मानली नाही तर नऊ क्रमांकाची ‘किल’ खूण आहे. विंडोजमध्ये ‘टास्ककिल’ला ‘एफ’ हे अक्षर जोडावे, आणि अपत्यांसह काढावयाचे तर ‘टी’. ही खूण प्रक्रियेपर्यंत पोहोचतच नाही. कारभारी परस्पर तिला संपवितो. म्हणून तिला आवरण्याची संधी मिळत नाही. अर्धी लिहिलेली फाइल अर्धीच राहते, ‘मी वापरीत आहे’ असे सांगणारी कुलुपाची फाइल तशीच पडून राहते, आणि नंतर प्रोग्रॅम त्या जुन्या कुलुपाला पाहून उघडावयास नकार देतो. आर्थिक वर्षाच्या अखेरीस, ३१ मार्चला, हिशेबाच्या प्रोग्रॅमवर हे हत्यार चालविण्यापूर्वी व्यापाऱ्याने आपल्या वहीची प्रत निराळ्या ठिकाणी आहे ना, हे पाहावे. नऊ क्रमांक हे औषध खरे, पण शेवटचे. पुष्कळ ठिकाणी ते पहिले म्हणून दिले जाते, हीच तक्रार आहे.

दोन प्रकार नऊ क्रमांकालाही दाद देत नाहीत. एक झॉम्बी, जो मेलेला आहे त्याला कोण मारणार? तेथे जनकाकडे जावे. जनक सुधारला तर उत्तम, नाही तर जनकाला बंद करावे, म्हणजे दत्तक घेणारी प्रक्रिया उरलेला हिशेब उरकून टाकते. दुसरा प्रकार, यादीत ‘डी’ अक्षर असलेल्या प्रक्रियांचा. त्या तबकडी किंवा जाळ्यावरील साठ्याच्या उत्तरासाठी कारभाऱ्याच्या खोलीत अडकलेल्या असतात. तेथे दोष प्रक्रियेचा नसून बिघडलेल्या तबकडीचा किंवा तुटलेल्या जोडणीचा असतो, आणि उपचारही तिचाच करावा लागतो.

यंत्र पुन्हा चालू करणे हा उपाय वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. त्याने सर्वांना निरोप मिळतो. पण पुरावाही जातो, हे ध्यानी असावे. शिवाय २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ आणि ‘रीस्टार्ट’ यांत फरक पडला आहे. ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असेल, तर शट डाउन करताना कारभाऱ्याची आतली अवस्था जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उघडते. अडकलेले उपकरण मोकळे करावयाचे असेल, तर रीस्टार्टच म्हणावे.

येथवर झाला उपचार. खरा गुण प्रतिबंधाचा, आणि तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती आहे. जळगावच्या विद्यापीठात आणि खानदेशातील महाविद्यालयांत आज कितीतरी मुलेमुली प्रोग्रॅम लिहावयास शिकत आहेत. त्यांच्यासाठी तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. अपत्य जन्माला घातले तर त्याची वाट पाहा आणि शेवटचा आकडा वाचा. ‘आवरा’ ही खूण आली तर ती आपल्या अपत्यांपर्यंत पोहोचवा. ती झटकून टाकू नका. आणि आपण अकस्मात कोसळलो तर मागच्यांचे काय, याची तजवीज आधीच करा. यासाठी कारभाऱ्याने सोयी दिल्या आहेत. विंडोजमध्ये ‘जॉब’ नावाचा गट करता येतो. तो अशा तऱ्हेने बांधता येतो की, गट मिटला की त्यातील सर्व प्रक्रिया मिटाव्यात. लिनक्समध्ये २००८ पासून ‘सीग्रूप’ आहेत, आणि २०१० साली आलेल्या ‘सिस्टमडी’ने त्यांचाच उपयोग करून एखादी सेवा थांबविताना तिची सारी वंशावळ हुडकून थांबविण्याची रीत पाडली. अपत्याने जनकापासून कितीही फारकत घेतली तरी गटाची नोंद त्याला सोडीत नाही.

आपण प्रोग्रॅम लिहीत नसलो तरी आपलेही एक कर्तव्य आहे. आमच्या दाखल्यातील सेवा केंद्रात पुढे काय निघेल? चालक घाईने कागद पुरता वाचून होण्यापूर्वीच खिडकी मिटतो, आणि मदतनीस अर्ध्या कागदाची वाट पाहत स्कॅनर धरून बसतो. मदतनिसाला बाहेर काढले की स्कॅनर मोकळा होतो. पण ‘कागद पुरा वाचला’ असा निरोप आल्यावाचून खिडकी मिटू नये, एवढे चालकाला सांगितले, की दुखणे पुन्हा येतच नाही. उपाय दोन ओळींचा आहे. तो सापडला, कारण कोणीतरी यंत्र विझविण्याऐवजी यादी वाचली.

तेव्हा पुढल्या वेळी यंत्र असे अडून बसले, तर चार प्रश्न विचारावेत. कोण राहिले आहे? त्याच्या हातात काय आहे? त्याला जा म्हणून नीट सांगितले का? आणि त्याला येथे आणले कोणी? पहिल्या तीन प्रश्नांनी आजचे काम निभावते. चौथ्या प्रश्नाचे उत्तर जो शोधतो, त्याच्यावर तीच पाळी उद्या येत नाही.